रहस्यकादंबरीतील इतिहास आणि ऐतिहासिक कादंबरीतील रहस्य : काही वाचननोंदी

१

एम. ए. द्वितीय वर्षाच्या वर्गात कथनमीमांसा शिकवीत असताना साक्री तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने तासानंतर मला गाठले. अलीकडे गाजलेली एक ऐतिहासिक रहस्यकादंबरी त्याने दोन रात्रींत वाचून संपविली होती. तीत सतराव्या शतकातील एक मोडी पत्र येते आणि पुढील सारा शोध त्या पत्रावर उभा राहतो. ते पत्र मूळ स्वरूपात कोठे पाहावयास मिळेल, असे तो विचारीत होता. मी फारसा विचार न करता त्याला धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करण्यास सांगितले. छापील साधनखंडांतही ते सापडेल, अशी पुस्तीही जोडली. तो दोनदा धुळ्यास जाऊन आला. पत्र सापडले नाही, कारण ते कोठे नव्हतेच. कादंबरीकाराने ते आपल्या कथानकासाठी रचलेले होते.

कादंबरीचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण दोष तिचा नव्हता. कादंबरीकाराला पत्र रचण्याचा अधिकार आहे. दोष माझा होता. मी ते पत्र वाचलेले होते आणि वाचतानाच ते मला ओळखता यावयास हवे होते. त्या काळच्या अस्सल पत्रात काळाचा निर्देश शुहूर सन, हिजरी महिना आणि चंद्र यांच्या आधारे येतो. मजकुरात फारसी शब्दांची दाटी असते. ‘बहुत काय लिहिणे’ यासारख्या ठरीव वळणावर ते संपते. परंतु ही झाली बाह्य लक्षणे, आणि कसलेला लेखक त्यांचे अनुकरण सहज करू शकतो. खरी खूण निराळी आहे. अस्सल पत्र आपल्यासाठी लिहिलेले नसते. ज्याला ते लिहिले त्याला निम्मा मजकूर आधीच ठाऊक असतो, म्हणून ‘मजकुरी लिहिलेच आहे’, ‘हुजूर विदित आहेच’, ‘जासूद मुखजबानी सांगेल’ असे म्हणून लिहिणारा मोकळा होतो. तीनशे वर्षांनंतरच्या वाचकाच्या हाती त्यातून येते ते अर्धेमुर्धे. कादंबरीतील पत्र मात्र पहिल्या ओळीपासून आपल्याकडे पाहून बोलत असते. कोण कोठे गेले, कशासाठी गेले, काय नेले हे सर्व ते नीट क्रमाने सांगते, आणि नेमकी एकच गोष्ट लपविते. ती गोष्ट चौथ्या प्रकरणात लागणार असते.

या प्रसंगाने मला अलीकडील काही कादंबऱ्या पुन्हा वाचावयास लावल्या. मुरलीधर खैरनार यांची ‘शोध’ (२०१५), डॉ. प्रकाश कोयाडे यांची ‘प्रतिपश्चंद्र’, वसंत वसंत लिमये यांची ‘विश्वस्त’ या तीन रहस्याकडून इतिहासाकडे जाणाऱ्या. आणि विश्वास पाटील यांची ‘संभाजी’ (२००५) व ‘महासम्राट’ मालिकेचा आरंभ असलेली ‘झंझावात’ (२०२२) या इतिहासाकडून उत्कंठेकडे येणाऱ्या. प्रस्तुत लेख म्हणजे या वाचनाच्या नोंदी होत. त्यांत समीक्षकाची अलिप्तता मी सर्वत्र राखू शकलेलो नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. या कादंबऱ्या वाचताना मलाही पहाटेचे तीन वाजले आहेत.

२

रहस्यकादंबरी हा हलका वाङ्मयप्रकार आणि ऐतिहासिक कादंबरी हा प्रतिष्ठित, अशी विभागणी आपल्या अभ्यासक्रमांनी जवळजवळ गृहीत धरली आहे. मराठी कादंबरीचा प्रारंभकाळ पाहिला तर ही विभागणी टिकत नाही. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) ही आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी. तिच्या गडाच्या नावातच सुटका आहे, आणि कैद व सुटका हे तर रहस्यकथेचे हक्काचे आशयसूत्र. नाथमाधवांनी ‘सोनेरी टोळी’ लिहिली आणि स्वराज्याच्या उदयावरील कादंबऱ्यांची मालाही लिहिली. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कथानकांना मराठी पेहराव चढविला. त्यांच्याच नावावर ‘कालिकामूर्ती’ आहे आणि ‘शालिवाहन शक’ही आहे. एकच लेखक, एकच वाचक आणि पुष्कळदा एकच तळघर, भुयार व वेषांतर. ह. ना. आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतही वेषांतरित पुरुष, गुप्त खलबते आणि अर्धवट ऐकलेली संभाषणे यांचे प्रमाण कमी नाही. ‘उषःकाल’ आज पुन्हा वाचणाऱ्याला तिची गती ही बऱ्याच अंशी दडविलेल्या ओळखींची गती आहे, हे जाणवल्यावाचून राहत नाही.

या दोन प्रवाहांची फारकत झाली ती नंतर. एकीकडे बाबूराव अर्नाळकरांनी धनंजय-छोटू, झुंजार आणि काळा पहाड यांच्या हजाराहून अधिक कथा लिहिल्या. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा टप्पा ओलांडला. सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, दारा बुलंद, अमर विश्वास यांची मालिका चालविली. दुसरीकडे रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२), ना. सं. इनामदारांची ‘झेप’ (१९६३), शिवाजी सावंतांची ‘छावा’ (१९७९), विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) अशी परंपरा उभी राहिली. पहिला प्रवाह एस. टी. स्टँडवर आणि भुसावळसारख्या जंक्शनच्या फलाटावर विकला गेला, दुसरा ग्रंथालयांच्या काचेच्या कपाटांत बसला. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ पासूनचे. अशा जुन्या ग्रंथालयांच्या देवघेव विभागात उभे राहिले की वाचकांनी ही फारकत कधी मानली नाही हे ध्यानात येते. ‘श्रीमान योगी’ परत करणारा गृहस्थ त्याच हाताने धारपांची ‘लुचाई’ मागतो.

माझ्या वडिलांच्या पिढीने अर्नाळकर वाचले, आम्ही शिरवळकर. तालुक्याच्या गावी रोज काही पैसे भाडे घेऊन पुस्तके देणारे एक दुकान होते. तेथील रहस्यकथांना एक खोड होती : शेवटची पाने गळालेली असत. कोणी वाचक मुद्दाम फाडतो, असा दुकानदाराचा संशय होता. खुनी कोण हे आम्हांला मग आपापसांत ठरवावे लागे आणि त्यासाठी मागची पाने पुनःपुन्हा चाळावी लागत. पुढे संशोधनपद्धतीचा अभ्यास करताना मला त्या दुकानाची आठवण अनेकदा झाली.

३

‘उत्कंठा’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. वस्तुतः कथनात निदान तीन निरनिराळे व्यापार त्या नावाखाली चालतात. पहिला, जे घडून गेले ते काय होते, या प्रश्नाचा. ही खरी रहस्यकथा. तिची दिशा मागे जाण्याची असते. दुसरा, पुढे काय होणार, याचा. साहसकथा त्यावर जगते. तिसरा व्यापार सर्वांत चमत्कारिक आहे : काय होणार हे वाचकाला पक्के ठाऊक असते आणि तरीही त्याचा जीव टांगणीला लागतो. टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगून टाकावे, मग टेबलावरच्या साध्या गप्पाही असह्य होतात, हा हिचकॉकचा दाखला प्रसिद्ध आहे.

ऐतिहासिक कादंबरीला पहिले दोन व्यापार जवळजवळ बंद असतात. माधवराव जाणार, हे ‘स्वामी’ उघडण्यापूर्वीच आपल्याला माहीत असते. १४ जानेवारी १७६१ रोजी काय झाले हे मराठी मुलाला शाळेत जाण्याआधी वाक्प्रचारांतून कळलेले असते. ‘पानिपत’ या कादंबरीचे सामर्थ्य म्हणून माझ्या मते शेवटच्या दिवसाच्या वर्णनात नाही. ते आधीच्या महिन्यांत आहे : रसद येत नाही, पैसा पोहोचत नाही, पाठविलेले पत्र मिळाले की नाही ते कळत नाही, यमुनेला उतार सापडत नाही. वाचक शेवट जाणतो, पात्रे जाणत नाहीत, आणि या दोन ज्ञानांमधील अंतर प्रत्येक प्रकरणागणिक कमी होत जाते. राजवाड्यांच्या साधनखंडांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. तो १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा. तो चाळणाऱ्यालाही हाच ताण जाणवतो. पत्र लिहिणारा माणूस आशेने लिहीत असतो आणि वाचणाऱ्याला त्याचे मरण दिसत असते. विश्वास पाटलांनी हा ताण निर्माण केला असे म्हणण्यापेक्षा तो साधनांत होता आणि त्यांनी तो ओळखला, असे मी म्हणेन. हे श्रेय लहान नाही.

‘झंझावात’ मध्ये मात्र हा तिसरा व्यापार मला क्षीण झालेला वाटला. तेथे प्रसंगाची रचना दुसऱ्या व्यापारावर, म्हणजे साहसावर, अधिक विसंबते. ज्याचा निकाल ठाऊक आहे तो प्रसंग निकाल ठाऊक नसल्यासारखा सांगितला की वाचक क्षणभर थरारतो, पण त्याला हातचे काही उरत नाही. चित्रपटासाठी लिहिल्यासारखे प्रकरणान्त हा अलीकडच्या ऐतिहासिक कादंबरीला जडलेला विकार आहे आणि तो एकट्या या कादंबरीचा नाही.

रहस्य आणि इतिहास यांचा जो नवा संकर गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झाला, त्याने या अडचणीवर वेगळा तोडगा काढला. काळाचे दोन पदर घ्यावयाचे : भूतकाळात काहीतरी दडविले जाते, वर्तमानात कोणी ते शोधतो. निकाल ठाऊक असलेला इतिहास तसाच ठेवावयाचा आणि त्याच्या पोटात एक ठाऊक नसलेली गोष्ट पेरावयाची. त्यामुळे पहिला व्यापार, म्हणजे मागे जाणारे रहस्य, ऐतिहासिक कादंबरीला पुन्हा खुला होतो. डॅन ब्राउनच्या ‘द दा विंची कोड’ने (२००३) ही चौकट जगभर रूढ केली. त्यापूर्वी उंबेर्तो एकोने ‘द नेम ऑफ द रोज’मध्ये (१९८०) तिचा फार वेगळा आणि फार खोल उपयोग केला होता, परंतु आपल्याकडील अनुकरण ब्राउनचे आहे, एकोचे नव्हे. ‘प्रतिपश्चंद्र’मध्ये शिवछत्रपतींच्या राजमुद्रेतील शब्दापासून कोड्याला आरंभ होतो, ‘विश्वस्त’मध्ये शोध द्वारकेपर्यंत मागे जातो. गुपित राखणारी माणसे, कोड्यात गुंफलेला संकेत, अभ्यासू नायक, सत्ता व पैसा असलेला प्रतिस्पर्धी आणि किल्ल्यावरचा पाठलाग ही या प्रकाराची सामग्री आता वाचकाच्या ओळखीची झाली आहे.

४

या तिघींत ‘शोध’ मला निर्विवादपणे सरस वाटते, आणि त्याचे कारण रहस्यात नसून भूगोलात आहे. खैरनार नाशिकचे रंगकर्मी. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले. ऑक्टोबर १६७० मधील सुरतेच्या दुसऱ्या लुटीतील खजिन्याचा एक भाग परतीच्या वाटेवर दडविला गेला आणि त्याचा ठावठिकाणा महाराजांपर्यंत पोहोचला नाही, ही कादंबरीची कल्पना. ऐतिहासिक चौकट खरी आहे. ३ ऑक्टोबरला लुटीस आरंभ झाला. बागलाणातून परतताना १७ ऑक्टोबर रोजी वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी मोठी लढाई झाली. सुरतेहून गेलेल्या मालाची किंमत सरकारी चौकशीत ६६ लाख रुपये ठरली, असे जदुनाथ सरकारांनी नोंदविले आहे. पुढील जानेवारीत साल्हेर स्वराज्यात आला आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोगलांचा मोठा पराभव झाला. कादंबरीकाराने या ठाऊक घटनांच्या मधल्या फटीत आपली कथा घातली आहे. लढाईच्या धामधुमीत एक तुकडी वेगळ्या वाटेने गेली असणे अशक्य नाही. सिद्ध झालेले मात्र नाही. उत्तम ऐतिहासिक कल्पितासाठी एवढी जागा पुरते.

बागलाण हा १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होण्यापूर्वी खानदेश जिल्ह्याचा भाग होता. आजही तेथील बोली आहिराणी आहे. आमच्या साक्री-पिंपळनेरच्या विद्यार्थ्यांना सेलबारी-डोलबारीची रांग घरच्या अंगणातून दिसते. त्यामुळे ‘शोध’मधील डोंगर, खिंडी, पायवाटा त्यांना वाचाव्या लागत नाहीत, त्या आठवतात. आपला परिसर छापील कादंबरीत पाहण्याचा आनंद खानदेशच्या वाचकाच्या वाट्याला फार वेळा आलेला नाही. नेमाड्यांच्या ‘कोसला’ (१९६३) आणि ‘हिंदू’ (२०१०) यांनी तो दिला, पण तो वेगळ्या जातीचा. म्हणून या कादंबरीवरचे आमच्या मुलांचे प्रेम मी समजू शकतो.

तरीही एक खंत उरते. खजिन्याच्या कथेत प्रदेश हा नकाशा होतो. डोंगर हे खुणेचे, झाड हे खुणेचे, आणि त्या डोंगरात राहणारा भिल्ल किंवा कोकणा वाट दाखविण्यापुरता, फार तर इमान राखण्यापुरता येतो. ही टीका एका कादंबरीवर नाही, ती या घाटावर आहे. सोने जेथे पुरले आहे ती जागा महत्त्वाची ठरली की सोने जेथून गेले तो रस्ता मागे पडतो.

वस्तुतः तो रस्ताच मोठा विषय आहे. सुरत ते बुऱ्हाणपूर हा मोगलकाळातील प्रमुख व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून जात असे. ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने त्यावरील मुक्काम नोंदवून ठेवले आहेत. त्यांत नवापूर आहे, नंदुरबार आहे, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा आहे. आजच्या एस. टी.च्या वेळापत्रकातील ही नावे. नवापूरच्या बारीक तांदळाला शिजल्यावर कस्तुरीचा वास येतो, असेही त्याने कौतुकाने लिहिले आहे. या मार्गावर माल कोण वाही, वाटेचे रखवालीचे पैसे कोणत्या नाईकाला द्यावे लागत, धरणगावच्या पेठेत कापड विकत घेणारे इंग्रज आणि विणणारे साळी यांचा हिशेब कसा चाले, लुटीची बातमी आली की पेठ किती वेळात ओस पडे — या प्रश्नांत उत्कंठा नाही असे कोण म्हणेल? परंतु त्यांचे उत्तर पेटीत सापडत नाही.

गुप्तधनाचे आकर्षण आपल्या समाजात निरुपद्रवी नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. गड-गढ्यांवरील चौथरे, समाध्या, देवळांचे उंबरे धनाच्या लोभाने खणले गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रभर अधूनमधून येत असतात. जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यास देण्याची सक्ती करणारा कायदा १८७८ पासून आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीलाही धनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांची दखल घ्यावी लागली. कादंबरी वाचून कोणी कुदळ उचलतो असे मी म्हणत नाही. पण जुलै २०२५ मध्ये साल्हेरचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, त्यानंतर वर्गात आलेला पहिला प्रश्न ‘मग आता तिथे खणायला देतील का?’ असा होता. विद्यार्थी हसत होते, हे खरे.

५

रहस्यकथेचा घाट इतिहासावर बसविला की आणखी एक गरज निर्माण होते : गुन्हेगाराची. खुनाच्या कथेत शेवटी बोट दाखवावेच लागते. शंभूछत्रपतींना फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी कैद झाली, ही घटना. मुकर्रबखान इतक्या झपाट्याने, इतक्या अवघड वाटेने तेथवर कसा पोहोचला, हा त्यातील प्रश्न. इतिहासात या प्रश्नाला अनेक पदर आहेत : हेरगिरी, घरभेद, वतनांचे तंटे, मोगलांचा पैसा, निष्काळजीपणा. कादंबरीत हे सर्व पदर एका माणसाच्या चेहऱ्यात गोळा होतात. ‘छावा’त ते झाले, ‘संभाजी’तही झाले. दोन्ही लेखकांनी संभाजीराजांच्या चरित्राला जुन्या नाटकांनी व बखरींनी चिकटविलेला कलंक पुसण्याचे मोठे काम केले, हे मी मान्य करतो. तो कलंक पुसताना दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर तो सारावा लागला, ही या घाटाची किंमत आहे.

ती किंमत केवळ वाङ्मयीन नाही, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसले. ‘छावा’वर आधारित हिंदी चित्रपट प्रदर्शित झाल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला खेद व्यक्त करावा लागला. अर्नाळकरांच्या कथेतील खुनी पुस्तकाबरोबर संपतो. ऐतिहासिक कादंबरीतील गुन्हेगाराला आडनाव असते, गाव असते, आणि त्या आडनावाची मुले आज शाळेत जातात. जो लेखक हे जाणतो तो बोट दाखविण्याआधी थांबतो. थांबल्याने कादंबरी मंदावते, हेही खरे. म्हणून थांबणारे थोडे.

येथे ना. सं. इनामदारांची आठवण होते. त्रिंबकजी डेंगळे (‘झेप’), दुसरा बाजीराव (‘मंत्रावेगळा’), औरंगजेब (‘शहेनशहा’) अशी रूढ इतिहासाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केलेली माणसे त्यांनी निवडली आणि प्रकरण पुन्हा चालवावयास घेतले. त्यांचे निकाल सर्वांना पटले नाहीत, मलाही सगळे पटत नाहीत. पण आरोपीची बाजू ऐकून घेणारी ही कादंबरी रहस्यकथेच्या चांगल्या अर्थाने अधिक जवळची आहे : तिला पुरावा पुन्हा तपासावासा वाटतो.

६

गुप्तहेर आणि इतिहासकार यांची तुलना नवी नाही. कॉलिंगवुडने ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’त (१९४६) ऐतिहासिक पुराव्याचे स्वरूप समजाविण्यासाठी एक सबंध खुनाची कथा रचली आहे. साधने आपल्याला काय सांगतात हे निमूटपणे उतरून घेणारा तो इतिहासकार नव्हे. गुप्तहेराप्रमाणे त्यांना प्रश्न विचारणारा तो इतिहासकार, असा त्याचा आग्रह. पण तो एक फरकही दाखवितो आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. न्यायालयाला ठरावीक मुदतीत निकाल द्यावा लागतो, इतिहासकाराला तसे बंधन नसते. पुरावा पुरेसा नसेल तर तो थांबू शकतो. रहस्यकादंबरीला थांबता येत नाही. शेवटची पाने गळालेली कादंबरी छापून विकता येत नाही.

जोसेफिन टे हिच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’मध्ये (१९५१) अंथरुणाला खिळलेला पोलीस अधिकारी तिसऱ्या रिचर्डच्या चित्राकडे पाहून त्याच्यावरील खुनाच्या आरोपाची फेरतपासणी करतो. त्यात पाठलाग नाही, खजिना नाही, एकही मारामारी नाही. आहेत ती पुस्तके, कागद, आणि ‘हे लिहिणाऱ्याला हे कसे कळले?’ हा पुनःपुन्हा विचारलेला प्रश्न. तिचा निष्कर्ष एकांगी आहे, अशी टीका झाली. तथापि वाचकाला साधनचिकित्सेची गोडी लावणारी एवढी सुटसुटीत कादंबरी दुसरी दाखविता येणार नाही. मराठी रहस्यकादंबरीने इतिहासाकडे वळताना ब्राउनऐवजी टेचा हात धरला असता तर काय झाले असते, हा विचार मला वारंवार येतो. आपल्याकडे त्यासाठी सामग्रीची वाण नाही.

एक उदाहरण आमच्या जवळचेच देतो. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. फारुकी घराण्याची ही आरंभीची राजधानी. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहान्वये होळकरांनी तो इंग्रजांना दिला. २७ फेब्रुवारी रोजी सर थॉमस हिस्लॉप ताबा घेण्यास आला तेव्हा किल्ल्यातून गोळीबार झाला. तोफा चालल्या, मग बोलणी झाली, दरवाजे एकामागून एक उघडले, आतल्या दरवाजाशी काही इंग्रज अधिकारी आत शिरले आणि तेथे एकाएकी चकमक उडून त्यांतील दोघे ठार झाले. त्यानंतर किल्ल्यातील सुमारे तीनशे माणसांची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यास फाशी देण्यात आली. तो बंडखोर होता काय? तहाची खबर त्याला होती काय, आणि असल्यास त्याचा तिच्यावर विश्वास होता काय? आतल्या दरवाजाशी जे घडले तो दगा होता, की एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोन जमावांतील गैरसमज? इंग्रजांचे वृत्तान्त उपलब्ध आहेत, ते एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, आणि या फाशीबद्दल त्या काळी इंग्लंडातही प्रश्न उपस्थित झाले. किल्लेदाराची साक्ष मात्र कोणी लिहून घेतली नाही. खून आहेत, बंद दरवाजा आहे, संशयित आहे, घाईने दिलेला निकाल आहे. रहस्यकादंबरीला आणखी काय हवे? फक्त शेवट नाही.

राजवाड्यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला. त्यात त्यांनी कादंबरीच्या अद्भुत आणि वास्तविक अशा प्रवृत्तींचा विचार केला आणि रेनॉल्ड्सच्या मागे लागलेल्या मराठी कादंबरीकारांना चांगलेच फटकारले. कागदपत्रांसाठी गावोगाव पायपीट करणाऱ्या माणसाला कादंबरीची एवढी चिंता का वाटावी, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. पुराव्यावर ज्याचे प्रेम आहे त्याला कल्पिताचे बळ इतरांपेक्षा अधिक जाणवते. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने मंडळ उभे राहिले.

माझा साक्रीचा विद्यार्थी त्या मंडळातून दुसऱ्यांदा परतला तेव्हा पत्र सापडले नाही म्हणून खट्टू झाला असेल, असे मला वाटले होते. तसे नव्हते. पहिल्या खेपेस तेथे त्याला कोणीतरी मोडी वाचून दाखविली होती; दुसऱ्या खेपेस त्याने घरातील जुन्या पेटीतला एक कागद बरोबर नेला होता. तो निघाला पणजोबांचा बैल विकत घेतल्याचा कागद : बैलाचा रंग, शिंगांची ठेवण, किंमत, दोन साक्षीदार. त्यांतील एका साक्षीदाराचे गाव लागत नव्हते. अक्षर पुसट आहे. ‘पिं’ने सुरू होते, पण आमच्या भागात तशी नावे बरीच. तो सध्या त्या गावाच्या मागे आहे.